एका रोलमधल्या दोन दिवाळ्या

(बडोदे येथे हौशी छायाचित्रकारांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणिसांनी मला जे निमंत्रणपत्र पाठवले त्यात विषय म्हणून एक साधा प्रश्न लिहिला होता. जुना रेंजफाइंडर कॅमेरा बाळगणारी माणसे त्यात फिल्म भरून प्रत्यक्षात किती वेळा फोटो काढतात? पत्र वाचून प्रथम मला हसू आले. व्यायामाची सायकल घरात आहे, पण आपण ती किती वेळा चालवता, असे कोणी विचारावे, तशातला हा प्रश्न. उत्तर द्यायचे तर लाज वाटते, आणि न द्यावे तर प्रश्न पाठ सोडत नाही. म्हणून आरंभीच माझे उत्तर देऊन टाकते. गेल्या वर्षभरात अडीच रोल.

मी छायाचित्रकार नाही. मराठी विषय घेऊन एम. ए. झाले आणि भाषांतराच्या व्यवसायात पडले. छायाचित्रणावरील दोन-तीन पुस्तके भाषांतरासाठी हाती आली, त्या निमित्ताने वाचन वाढले. कॅमेऱ्याशी संबंध मात्र त्याहून जुना आहे. माझे मामा येथील रेल्वेत नोकरीला होते आणि त्यांच्यापाशी झोर्की-४ हा रशियन कॅमेरा होता. लायका हे नाव आम्ही केवळ ऐकून होतो. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात तयार झालेला, लायकाच्याच वळणावर बेतलेला हा कॅमेरा मध्यमवर्गीय माणसाच्या आवाक्यातला होता. वजनाने चांगलाच जड. त्याचे एक विचित्र पथ्य होते: फिल्म पुढे सरकवून शटर ताणून घेतल्याशिवाय वेगाच्या चकतीला हात लावायचा नाही, लावल्यास आतील यंत्रणा बिघडे. हे पथ्य मामांनी मला अक्षरओळखीच्या वयात शिकवले.

मामांचा हिशेब काटेकोर होता. रोलमध्ये छत्तीस फोटो. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ छापाचा कृष्णधवल रोल ते आणीत आणि तो कॅमेऱ्यात चढला की वर्षभर उतरत नसे. दिवाळीत चार-पाच, संक्रांतीला गच्चीवर दोन, कोणाच्या मुंजीत सात-आठ, पावसाळ्यात विश्वामित्रीला पूर आला तर एखादा. मग पुन्हा दिवाळी. रोल धुऊन आला की त्याच्या दोन टोकांना दोन दिवाळ्या असत. पहिल्या दिवाळीत मांडीवर असलेले मूल दुसरीत आकाशकंदिलाकडे बोट दाखवीत उभे असे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे रोल निघतील. प्रत्येक फोटोची नोंद मामा एका खिशात मावणाऱ्या वहीत करीत: क्रमांक, तारीख, भिंगाचे छिद्र, शटरचा वेग आणि समोर कोण होते त्याचे नाव. ‘किती वेळा’ या प्रश्नाचे इतके चोख उत्तर देणारी दुसरी वही मी पाहिलेली नाही.

तरुण मंडळींपैकी काहींनी हा कॅमेरा हाताळला नसेल, म्हणून त्याच्या रचनेविषयी दोन शब्द. वेट्झलार येथील लाइट्झ कंपनीतील ऑस्कर बार्नाक या यंत्रज्ञाने सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म छोट्या कॅमेऱ्यात आडवी घातली आणि सिनेमाच्या चौकटीच्या दुप्पट, म्हणजे २४ गुणिले ३६ मिलिमीटरची चौकट घेतली. लायका या नावाने हा कॅमेरा १९२५ साली लाइप्झिगच्या जत्रेत बाजारात आला. १९३२ मध्ये त्याला भिंगाशी जोडलेला अंतरमापक, म्हणजेच रेंजफाइंडर, मिळाला. पुढे १९५४ मध्ये आलेला लायका एम-३ हा या जातीचा कळस मानला जातो. तत्त्व अगदी सोपे आहे. कॅमेऱ्याच्या कपाळावर थोड्या अंतराने दोन खिडक्या असतात. दोहोंतून येणारी प्रतिमा आपल्या डोळ्यासमोर एकावर एक पडते आणि मधल्या फिकट ठिपक्यात समोरचा माणूस दुहेरी दिसतो. भिंग फिरवीत गेले की त्या दोन आकृती सरकत जवळ येतात; त्या एक झाल्या की अंतर जुळले. आरसा नाही, त्यामुळे आरसा उचलला जाण्याचा खटका नाही आणि फोटोच्या क्षणी डोळ्यासमोर अंधारी येत नाही. चौकटीच्या बाहेरचेही थोडे जग दिसत राहते. तेथून कोण आत येत आहे हे कळते.

या रचनेत एक खोट आहे. ती मी माझ्या खर्चाने शिकले. आपण भिंगातून पाहत नाही, शेजारच्या खिडकीतून पाहतो. भिंगावर टोपण तसेच राहिले तरी समोरचे सर्व काही लख्ख दिसते. मी चौदा वर्षांची असताना आजोळी सगळे जमले होते. त्या दिवशी मामांनी कॅमेरा प्रथमच माझ्या हाती दिला आणि स्वतः मामीच्या शेजारी जाऊन उभे राहिले. मी दोन आकृती जुळवल्या, श्वास रोखला आणि एकामागून एक चार फोटो काढले. एरवी चार फोटो एकदम काढणे म्हणजे उधळपट्टीच; पण मामा काही बोलले नाहीत. रोल सहा महिन्यांनी धुऊन आला. त्यात चार चौकटी कोऱ्या होत्या. मामांनी वहीत त्या चार क्रमांकांपुढे ‘टोपण’ एवढाच शब्द लिहिला. मामा सगळ्यांचे फोटो काढीत; त्यांचा फोटो काढणारे कोणी नसे. त्या चार चौकटींची किंमत मला फार पुढे कळली.

आता मूळ प्रश्नाकडे येते. फिल्म माणसाला संयम शिकवते, असे आजकाल फार ऐकू येते. मोबाईलवर माणूस दिवसाला शंभर फोटो काढतो. छत्तीस चौकटींचा रोल हाती दिला की तो विचारपूर्वक काढू लागतो, अशी ही मांडणी आहे. मलाही ती काही काळ पटली होती. पण ज्यांनी हे कॅमेरे पोटापाण्यासाठी वापरले त्यांचे आकडे पाहिले की ही समजूत टिकत नाही.

रॉबर्ट फ्रँक यांचे उदाहरण घ्या. झुरिचमध्ये जन्मलेला हा छायाचित्रकार १९५५ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवून जुनी मोटार आणि लायका घेऊन अमेरिकाभर हिंडला. आर्कान्सा राज्यात पोलिसांनी त्याला केवळ संशयावरून अटकही केली. या सगळ्या फिरतीत त्याने ७६७ रोल काढले. म्हणजे सुमारे सत्तावीस हजार चौकटी. ‘द अमेरिकन्स’ हे त्याचे पुस्तक १९५८ मध्ये प्रथम पॅरिसमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत निघाले. त्यात छायाचित्रे किती? ८३. सव्वातीनशे चौकटींमागे एक. याला संयम म्हणायचे असेल तर तो शटर दाबणाऱ्या बोटात नव्हता. तो नंतर आला. फ्रँकने परत येऊन रोल धुतले, सर्व चौकटींची संपर्कमुद्रिते काढली, त्यांवर लाल पेन्सिलीने खुणा केल्या, हजारभर मोठे ठसे काढले आणि ते भिंतीवर डकवून, जमिनीवर पसरून महिनोन्‌महिने पाहिले. माझ्या मते ते पुस्तक या पाहण्यात तयार झाले.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे नाव न घेता लायकाविषयी बोलता येत नाही. १९५२ च्या त्यांच्या पुस्तकाचे इंग्रजी नाव ‘द डिसिसिव्ह मोमेंट’ असे आहे. मराठीत आपण त्याला ‘निर्णायक क्षण’ म्हणतो आणि या दोन शब्दांनी बराच घोटाळा केला आहे. मूळ फ्रेंच नाव ‘इमाज आ ला सोव्हेत’ असे आहे. ‘आ ला सोव्हेत’ हा शब्दप्रयोग परवान्याशिवाय रस्त्यावर माल विकणाऱ्यांच्या संदर्भात करतात. नगरपालिकेची गाडी येताना दिसताच चादरीची चार टोके गोळा करून पळ काढणारा पथारीवाला आपल्याही ओळखीचा आहे. तेव्हा त्या नावाचा भाव ‘घाईघाईने, चोरून उचललेली चित्रे’ असा काहीसा आहे. नेमका शब्द मला अद्याप सापडलेला नाही. ‘निर्णायक क्षण’ म्हटले की एक साधक दबा धरून बसला आहे आणि त्याने आयुष्यात एकदाच बोट दाबले असे चित्र उभे राहते. त्यांच्या संपर्कमुद्रितांत मात्र एकाच प्रसंगाच्या अनेक चौकटी सापडतात. हा माणूस काढीत राहत असे, फिरून दुसऱ्या बाजूने पुन्हा काढीत असे. आणि निवडीत तो निर्दय होता. युद्धाच्या तोंडावर त्यांनी आपल्या आरंभीच्या निगेटिव्हांपैकी हव्या तेवढ्या कापून बिस्किटांच्या एका डब्यात ठेवल्या आणि उरलेल्या नष्ट केल्या. भाषांतर करताना त्या डब्याच्या वाक्याशी मी बराच वेळ थांबले होते. टाकलेल्यांत काय असेल हा विचार मनातून जाईना.

तेच कार्तिए-ब्रेसाँ १९४७ मध्ये हिंदुस्थानात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी दुपारी दिल्लीत बिर्ला भवनात त्यांनी गांधीजींची भेट घेतली, आपल्या छायाचित्रांचे पुस्तक त्यांना दाखवले आणि ते बाहेर पडले. थोड्याच वेळाने गांधीजींची हत्या झाल्याचे कळले. ते धावत परतले. फाटकावर चढून जमावाला ती वार्ता सांगणाऱ्या नेहरूंचे त्यांनी काढलेले छायाचित्र धूसर आहे, प्रकाश अपुरा आहे, तरी ते आज जगभर परिचित आहे.

त्याच संध्याकाळी दिल्लीतील आणखी एक छायाचित्रकार बिर्ला भवनाकडे निघाली होती. होमाई व्यारावाला यांचे नाव या शहरात मुद्दाम सांगावे लागू नये. नवसारीला जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाईबाई १९८२ पासून बडोद्यात राहत होत्या आणि १५ जानेवारी २०१२ रोजी येथेच त्यांचे निधन झाले. आपल्यापैकी काहींनी त्यांना पाहिलेही असेल. त्या संध्याकाळी त्या प्रार्थनासभेला जाण्यासाठी निघाल्या असता त्यांचे पती माणेकशा यांनी त्यांना परत बोलावले. उद्या दोघे मिळून जाऊ, असा बेत होता. तो उद्या आला नाही. या गोष्टीची खंत त्यांनी पुढे अनेकदा बोलून दाखवली. होमाईबाई स्पीड ग्राफिक हा मोठा कॅमेरा वापरीत. त्याच्या एका खोक्यात फिल्मचे दोनच ताव मावत. एक फोटो काढून झाला की खोके उलटे करायचे. अशा कॅमेऱ्याने काम केलेल्या व्यक्तीला छत्तीसचा रोल म्हणजे चैनच वाटावी. मात्र त्या संध्याकाळी प्रश्न खोक्यात किती ताव आहेत हा नव्हताच.

कनू गांधी यांचीही आठवण येथे काढली पाहिजे. त्यांचा कॅमेरा रोलिफ्लेक्स होता, रेंजफाइंडर नव्हे. पण ‘किती वेळा’ या प्रश्नाशी त्यांचा संबंध घनिष्ठ आहे. गांधीजींनी त्यांना फोटो काढण्याची अनुमती दिली ती तीन अटींवर: झगमगाटी दिवा वापरायचा नाही, मला अमुक तसे बसा म्हणून सांगायचे नाही, आणि आश्रम यासाठी पैसा देणार नाही. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, पण फिल्मची तजवीज कनूभाईंची त्यांनाच करावी लागे. फ्रँकच्या मागे शिष्यवृत्ती होती. माझ्या मामांच्या मागे रेल्वेचा पगार आणि तीन मुलांच्या शाळेची फी होती. कोण किती फिल्म वापरतो याचे कारण शोधताना आपण स्वभावाकडे पाहतो; खिशाकडेही पाहावे. आज रंगीत रोल आणि तो धुण्याचा खर्च मिळून आकडा सहज हजार रुपयांच्या पुढे जातो. माझे अडीच रोल त्यामुळेच अडीच आहेत. त्यांना साधना वगैरे म्हणण्याचे कारण नाही.

आता ज्या माणसामुळे मला हे भाषण द्यावेसे वाटले त्याच्याविषयी. गॅरी विनोग्रँड हा न्यूयॉर्कचा छायाचित्रकार लायका घेऊन रस्त्यावर उतरे आणि अखंड फोटो काढी. काढलेले रोल तो लगेच धूत नसे. फोटो काढतानाचा मनाचा भर ओसरावा, चित्राकडे परक्या नजरेने पाहता यावे, म्हणून वर्ष-दोन वर्षे ते तसेच ठेवी. युक्ती शहाणपणाची आहे. भाषांतर केल्यावर मीही पाने महिनाभर बाजूला ठेवते. पण विनोग्रँडच्या बाबतीत हा अवकाश वाढत गेला. शेवटची काही वर्षे तो लॉस एंजेलिसमध्ये होता. पुष्कळदा मोटारीत बसून, जाता जाता तो शटर दाबीत राहिला. १९८४ च्या मार्चमध्ये, वयाच्या छप्पनाव्या वर्षी, कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या मागे न धुतलेले सुमारे अडीच हजार रोल निघाले. धुतलेले पण ज्यांची संपर्कमुद्रिते काढलेली नाहीत असे आणखी सुमारे साडेसहा हजार. एकूण तीन लाखांहून अधिक चौकटी, ज्या त्याने धडपणे पाहिल्याच नव्हत्या.

मामांच्या गतीने अडीच हजार रोल काढायचे तर अडीच हजार वर्षे लागली असती, हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर केला आहे.

विनोग्रँडचे रोल पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने पुढाकार घेऊन धुऊन घेतले. तेथील छायाचित्र विभागाचे प्रमुख जॉन झारकोव्स्की हे त्याचे जुने चाहते. त्यांनी १९८८ मध्ये मोठे प्रदर्शन भरवले, पण या शेवटच्या कामाविषयी त्यांची निराशा लपली नाही. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या प्रदर्शनात त्या रोलांमधून नव्याने निवड झाली, तेव्हा अनेकांचे मत पालटले. मला येथे एक प्रश्न पडतो. ज्या चौकटी काढणाऱ्याने पाहिल्या नाहीत, त्यांतून दुसऱ्याने निवड करावी काय? लेखकाच्या टाचणांतून त्याची कादंबरी आपण जुळवली तर ती कोणाची? जे निवडतात त्यांना मी दोष देत नाही. न निवडता ते रोल कपाटात कुजू देणे हे अधिक वाईट. तरीही ते फोटो पाहताना मला अवघडल्यासारखे होते, हे खरे.

कुजू देणे हा शब्द मी जाणून वापरला. प्रकाश पडलेल्या फिल्मवर जी प्रतिमा उमटते ती धुण्यापूर्वी अदृश्य असते. रुप्याच्या क्षारांच्या कणांत झालेला तो सूक्ष्म बदल. उष्णता, दमट हवा आणि काळ यांनी ती खूण पुसट होत जाते आणि न पडलेल्या प्रकाशाचे धुके वाढत जाते. कोडाक्रोम या रंगीत फिल्मच्या बाबतीत तर दारच बंद झाले. तिचे उत्पादन २००९ मध्ये थांबले आणि ती धुणाऱ्या, कॅन्सस राज्यातील जगातल्या शेवटच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे बंद केले. ज्यांनी ‘पाहू पुढे केव्हातरी’ म्हणून कोडाक्रोमचे रोल ठेवून दिले, त्यांना त्यातले रंग आता मिळायचे नाहीत.

माझ्याही कपाटात एक रोल होता. मामा २००७ साली गेले. त्यांचा कॅमेरा मामीने मला दिला तेव्हा त्यात रोल चढवलेला होता आणि गणक बावीसवर होता. वहीत बावीस नोंदी होत्या. पहिली २००५ च्या दिवाळीची. रोल पुरा करून धुवायचा की तसाच काढून घ्यायचा, हे मला ठरवता येईना. उरलेल्या चौदा चौकटी मी काढल्या तर तो मामांचा रोल राहील का, असा माझा विचार चाले. या विचारात बारा वर्षे गेली. बारा वर्षे बडोद्याचा उन्हाळा त्या कपाटाने सोसला. विनोग्रँडवरचे प्रकरण भाषांतरित करून झाले त्या आठवड्यात, २०१९ मध्ये, मी अंधाऱ्या खोलीत रोल गुंडाळून बाहेर काढला आणि कृष्णधवल फिल्म अजून हाताने धुणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे दिला. आशा ठेवू नका, असे त्यांनी सांगितले.

फिल्म करडी होऊन आली. बावीसपैकी नऊ चौकटी ओळखू येतात. उरलेल्या तेरांमध्ये काय होते ते वहीवरून कळते, पण दिसत नाही. पाचव्या क्रमांकाच्या फोटोत मामी तुळशीपाशी आहे. अकराव्यात रिकामी गच्ची. नोंद ‘पतंग’ अशी आहे, पतंग दिसत नाही. विसाव्या क्रमांकावर नोंद आहे ‘मी, आरशात’. ती चौकट नऊमध्ये नाही. मी ती बराच वेळ खिडकीशी धरून पाहिली. एक उजळ चौकोन दिसतो, तो आरसा असावा.

मामी आता ऐंशीच्या पुढे आहे. नऊ फोटो तिने चष्मा लावून पाहिले. मग विचारले, “आणि पुढचे चौदा का गं नाही काढलेस? रोल फुकट घालवलास.” मामा असते तर हेच म्हणाले असते.

चिटणिसांनी मला वेळ किती झाला याची खूण केली आहे, तेव्हा थांबते. झोर्की मी बरोबर आणला आहे. ज्यांना दोन खिडक्यांतून पाहायचे असेल त्यांनी अवश्य पाहावे. आत रोल आहे, गणक तेरावर आहे, वेगाच्या चकतीला मात्र कृपया हात लावू नये. ते नऊ फोटो या पाकिटात आहेत. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, फक्त कडेने धरा.